बेटावरच्या रिसॉर्टला गारवा साठवण: बर्फाची टाकी की गार पाण्याची?

आराखडा४२२

नमस्कार मंडळी. अंदमानातल्या एका बेटावरच्या ६० खोल्यांच्या रिसॉर्टचं वातानुकूलनाचं ड्रॉइंग इथे नाशिकला चालू आहे. बेटावर ग्रिड नाही. ४०० किलोवॅटचे दोन डिझेल जनरेटर आहेत आणि २०० किलोवॅटचे सोलर पॅनल येणार आहेत. चिलर (पाणी गार करणारं मशीन) एअर-कूल्ड, म्हणजे उष्णता हवेत टाकणारा. कोटेशन बर्फाच्या टाकीचं आलंय, चार्जिंग, म्हणजे टाकीत गारवा भरणं, रात्री ११ ते सकाळी ६.

तासवार भार असा: रात्री १२ ते ६ पर्यंत ८० टीआर (टन रेफ्रिजरेशन, गारव्याचं माप), सकाळी ६ ते १० मध्ये ७०, १० ते ४ मध्ये १००, दुपारी ४ ते ७ मध्ये १२०, संध्याकाळी ७ ते ११ मध्ये १५०, शेवटचा तास १००.

बर्फ घ्यावा की साधं गार पाणी साठवावं? टाकी केवढी? आणि गंगापूर धरणाच्या बाजूला आपल्याकडे जी रिसॉर्ट आहेत त्यांना हेच बसवता येईल का, असाही प्रश्न लोक विचारतायत.

थंडपाणी

तासवार भार दिलात हे उत्तम केलंत, त्याशिवाय बोलताच येत नाही. बेरीज करू. ४८० + २८० + ६०० + ३६० + ६०० + १०० = २,४२० टीआर-तास. भागिले २४, म्हणजे सरासरी १०१ टीआर. शिखर १५०. सरासरीच्या वर जे डोकं निघतं तेवढंच टाकीतून द्यायचं: ४ ते ७ मध्ये १९ × ३ = ५७ आणि ७ ते ११ मध्ये ४९ × ४ = १९६. एकूण २५३. तुमची टाकी २५० टीआर-तासांची. त्याहून मोठी कोणी सुचवली तर कशासाठी ते विचारा.

आता बर्फ. पाण्याचा गोठण्याचा सुप्त उष्मा किलोला ३३४ किलोज्यूल, एक टीआर-तास म्हणजे १२,६६० किलोज्यूल, म्हणून टीआर-तासाला ३८ किलो बर्फ पुरतो. कॉइल, मोकळी जागा धरून टाकीचं आकारमान ७० ते ९० लिटर. गार पाण्यात ८ अंशांचा फरक मिळाला तरी ३७८ लिटर लागतात, वापरता न येणारा मधला थर धरला की ४२०. बर्फाची टाकी पाचपट लहान होते आणि कोटेशनमध्ये तीच ओळ ठळक असते.

पण बर्फ करायला चिलरमधून उणे ५ अंशांचं ग्लायकॉल (शून्याखालीही न गोठणारं द्रावण) काढावं लागतं. ७ अंशांवर १०० टीआर देणारं मशीन तिथे ६५ टीआरच्या आसपास देतं आणि टीआरमागे वीज २५ ते ३० टक्के जास्त खातं. ऑफिसला हे परवडतं, कारण रात्री इमारत बंद असते आणि सगळं मशीन बर्फाला मोकळं मिळतं. हॉटेलात रात्री पाहुणे झोपलेले असतात. तुमच्याच तक्त्यात मध्यरात्रीनंतर ८० टीआर आहे. एकाच वेळी खोल्यांना ७ अंशांचं पाणी आणि टाकीला उणे ५ चं ग्लायकॉल, म्हणजे दोन वेगळी मशीनं किंवा खोल्यांचा भारही उणे ५ वरून ओढायचा. दुसरा मार्ग म्हणजे रोज रात्री ४८० टीआर-तासांवर तो २५ टक्क्यांचा दंड भरणं.

नाशिकला रात्रीची हवा तरी मदत करते. एप्रिलमध्ये दुपारी ३९ आणि पहाटे २३ असं १५-१६ अंशांचं अंतर पडतं, एअर-कूल्ड मशीनला अंशामागे दोन-अडीच टक्के वीज कमी लागते, त्यामुळे बर्फाचा बराचसा दंड वसूल होतो. बेटावर दुपारी ३०-३१ आणि पहाटे २५-२६. पाच अंशांत काय वसूल होणार? माझं मत स्पष्ट आहे, या कामाला थर लावलेली (गार पाणी खाली, परतीचं कोमट वर अशी) गार पाण्याची टाकीच घ्या. चिलर तेच, सेटिंग तेच, ग्लायकॉल नाही.

जनरेटर_ओझर

थंडपाणी यांच्याशी सहमत. डिझेलच्या बाजूने आकडे जोडतो, कारण बेटावरची बचत चिलरमध्ये कमी आणि जनरेटरच्या भारात जास्त सापडते.

टीआरला १.२ किलोवॅट धरा. संध्याकाळी १५० टीआर म्हणजे १८० किलोवॅट. स्वयंपाकघर, दिवे, लॉन्ड्री, आरओ मिळून २३० धरू. एकूण ४१०. एका ४०० च्या सेटवर बसत नाही, दुसरा सुरू करावा लागतो आणि दोघंही ५१ टक्क्यांवर रेंगाळतात. तिथे युनिटला साधारण ०.२७५ लिटर डिझेल जातं, तासाला ११३ लिटर. टाकी आल्यावर चिलर १०१ टीआरवर, म्हणजे १२१ किलोवॅट. एकूण ३५१. एकच सेट, ८८ टक्क्यांवर, युनिटला ०.२५५ लिटर, तासाला ९० लिटर. चार तासांत ९२ लिटर वाचले. त्यातून टाकी पुन्हा भरायला रात्री लागणारं डिझेल वजा करा. साधारण २३५ युनिट, आणि आधीच चालू असलेल्या सेटवर जादा युनिटला ०.२३ लिटर पडतं, म्हणजे ५४ लिटर. हातात रोजचे ३५ ते ४० लिटर उरतात. वर्षाला १३-१४ हजार लिटर. तेही बोटीने बेटावर पोचवलेलं डिझेल.

शिवाय दुसऱ्या सेटचे रोजचे चार तास वाचतात. तेल, फिल्टर, ओव्हरहॉल सगळं तासांवरच असतं.

एक सावधगिरी. ८८ टक्के हा कोऱ्या तक्त्याचा आकडा आहे. लॉन्ड्रीचा ड्रायर किंवा पंप त्याच क्षणी सुरू झाला तर फ्रिक्वेन्सी बसते. चिलरला सॉफ्ट स्टार्टर किंवा व्हीएफडी (मोटरचा वेग हळूहळू बदलणारं उपकरण) घ्या आणि ७ ते ११ मध्ये ड्रायर चालू होणारच नाही असं इंटरलॉक घाला. प्राइम रेटिंगच्या, म्हणजे रोज चालवायच्या, सेटवर २४ तासांची सरासरी ७० टक्क्यांच्या आत ठेवायची असते. तुमच्या तक्त्यात ती बसते, पण नव्या खोल्या वाढल्या की परत मोजा.

थंडपाणी

सोलर आलं की मात्र चार्जिंगची वेळच उलटी करा. दुपारचा इतर भार १३० आणि चिलर १२०, मिळून २५० किलोवॅट. पॅनल कडक उन्हात १५० देतील. जनरेटरवर उरले १०० किलोवॅट, म्हणजे २५ टक्के. ओझरकर सांगतील, हे चालेल का?

जनरेटर_ओझर

अजिबात नको. ३० टक्क्यांच्या खाली सतत चाललं की सिलिंडर पुरेसा तापत नाही, अर्धवट जळलेलं डिझेल आणि तेल एक्झॉस्टमधून काळं ओघळतं, रिंगा चिकटतात, टर्बोवर काजळी बसते. म्हणून सोलरचा कंट्रोलर सेटला किमान १२० किलोवॅट राखून द्यायला पॅनलचं उत्पादन कापतो. फुकटची वीज छपरावरच मरते.

थंडपाणी

तेच सांगायचं होतं. त्या वेळी ४० टीआर जादा चालवा. ४८ किलोवॅटचा भार वाढला, जनरेटर १४८ वर आला, पॅनल कापायची गरज उरली नाही. १० ते ३ पाच तासांत २०० टीआर-तास टाकीत. उरलेले ५० रात्री १२ नंतर. दुपारची हवा पाच अंश गरम म्हणून दहा-बारा टक्के वीज जास्त जाईल, पण ती कापली जाणारी वीज होती, त्यामुळे चालतं.

याचा परिणाम चिलरच्या निवडीवर होतो. दुपारी १०० + ४० = १४० टीआर लागतील, म्हणून १०५ चं एक मशीन घेऊन भागणार नाही. ७५ ची दोन घ्या. एक बंद पडलं तर दुसरं आणि टाकी मिळून संध्याकाळ बऱ्यापैकी निभावतात. बेटावर मेकॅनिक आणि गॅसचा सिलिंडर पोचायला बोटीचं वेळापत्रक बघावं लागतं, तेव्हा हा फायदा मला डिझेलइतकाच मोलाचा वाटतो.

कंट्रोलमध्ये दोन पद्धती ठेवा. उन्हाळी दिवशी दुपारचं चार्जिंग, अंदमानच्या पावसाळ्यात रात्रीचं. पावसाळा तिकडे मे महिन्यापासून चांगला सहा-सात महिने चालतो, हे विसरून फक्त सोलरवर टाइमर लावला की जूनमध्ये रोज संध्याकाळी टाकी रिकामी आणि दोन्ही जनरेटर चालू.

कॉइल_फिल्टर

टाकी घेण्याआधी एक काम करा. फॅन कॉइल म्हणजे खोलीतला पंखा आणि गार पाण्याच्या नळ्यांचा संच; त्याच्या निवडीच्या तक्त्यात पाणी किती अंशांनी आत आणि किती अंशांनी बाहेर आहे ते बघा. आपल्याकडे सवयीने ७ आणि १२ लिहिलेलं असतं. फरक पाचच अंश. थंडपाणी यांनी ४२० लिटर काढले ते ८ अंशांवर. पाच अंशांवर टीआर-तासाला ६७० लिटर लागतील, म्हणजे १०५ घनमीटरची टाकी १६८ ची होईल. म्हणून फॅन कॉइल ७ आत, १५ बाहेर अशीच निवडा. बहुतेक वेळा तीन ओळींच्या जागी चार ओळींची कॉइल घ्यावी लागते. हा खर्च टाकीच्या मानाने किरकोळ आहे.

कागदावर ८ असूनही जागेवर ४ मिळतात, ते का? नेहमीची कारणं सांगतो. तीन-मार्गी व्हॉल्व असेल तर खोली गार झाल्यावर उरलेलं पाणी गारच परत जातं. दोन-मार्गी व्हॉल्वच्या अ‍ॅक्च्युएटरचं मुंडकं सैल झालं की व्हॉल्व उघडाच राहतो आणि खोलीत कोणालाच कळत नाही, कारण थर्मोस्टॅट पंखा बंद करतो. ओळीच्या टोकाला फ्लशिंगसाठी ठेवलेला बायपास तसाच उघडा राहतो. फिल्टर तुंबलेला असला की हवा कमी जाते आणि पाणी उष्णता न घेताच परततं. पंप मोठा असला तर सगळीकडे गरजेपेक्षा जास्त पाणी फिरतं.

परतीचं पाणी १५ ऐवजी ११ ला आलं की टाकी निम्मी झाली समजा. टाकी तेवढीच दिसते, भरलेली दिसते, पण रात्री ११ च्या बऱ्याच आधी संपते. मग दोष टाकीवर येतो.

उपाय: प्रत्येक फॅन कॉइलला दाबाचा परिणाम न होणारा दोन-मार्गी व्हॉल्व, पंपाला व्हीएफडी, फिल्टर दर पंधरा दिवसांनी. आणि परतीच्या मुख्य पाइपवर एक खरा थर्मावेल (पाण्यात बुडणारी सेन्सरची नळी) बसवून आकडा रोज लिहायचा. पाइपवर पट्ट्याने बांधलेला सेन्सर अर्धा-एक अंश सहज चुकतो, इथे तेवढी चूक परवडत नाही.

पाया_आणि_टाकी

टाकीचं बोलू. अंबड-सातपूरला वायनरीच्या स्टीलच्या टाक्या करणारे कुशल लोक आहेत म्हणून १०५ घनमीटरची एकच टाकी इथून करून न्यावी असं वाटेल. ४.६ मीटर व्यास आणि साडेसहा मीटर उंची ट्रकवरही अडचणीची आणि बार्जवरही. शिवाय समुद्राच्या खाऱ्या हवेत साधं स्टील टिकवायला कायम रंगकाम.

त्यापेक्षा फायबरच्या तीन टाक्या, ३ मीटर व्यास, पाण्याची उंची ५ मीटर. प्रत्येकी ३५ घनमीटर, तीन मिळून १०६. ओळीत जोडा: पहिलीचा माथा दुसरीच्या तळाला, दुसरीचा माथा तिसरीच्या तळाला. समांतर जोडलं तर एकीतून जास्त, दुसरीतून कमी पाणी जातं आणि एक टाकी लवकर संपून तिचं गरम पाणी मिसळायला लागतं. ओळीत तो त्रास नाही. टाक्यांना जोडणारा पाइप १५० मिमीचा ठेवा. तासाला २३ घनमीटर पाणी त्यातून सेकंदाला ०.३६ मीटरने जातं आणि टाक्यांच्या पातळीत फरक काही सेंटिमीटरच पडतो. वर ३० सेंमी मोकळं ठेवा.

जमिनीत पुरू नका. बेटावर भूजल हाताच्या अंतरावर असतं. टाकी दुरुस्तीला रिकामी केली की पाणी तिला वर उचलतं, ३५ घनमीटरची रिकामी टाकी म्हणजे ३५ टनांचा उचल-दाब. पाइपांचे जोड त्यातच तुटतात. जमिनीवर, राफ्टवर (काँक्रीटच्या सलग पायावर) ठेवा. पाण्याचाच भार चौरस मीटरला ५ टन, खाली वाळू असेल तर माती तपासणी आधी. अंदमान भूकंपाच्या सर्वांत धोक्याच्या पट्ट्यात येतं आणि वादळंही येतात, तेव्हा भरलेल्या टाकीचं हेलकावणं आणि रिकाम्या टाकीवरचा वारा, दोन्हींसाठी अँकर मोजा. काँक्रीटला समुद्राची वाळू चालणार नाही, क्लोराइडने सळई सडते.

पुफ (पॉलियुरेथेन फोमचं इन्सुलेशन) १०० मिमी. आतलं पाणी ८-१० अंश, बाहेर ३१, तीन टाक्यांचा मिळून पृष्ठभाग १८० चौरस मीटरच्या आसपास. दिवसाची गळती सहा टीआर-तासांपर्यंत, म्हणजे अडीच टक्के. गळतीची चिंता नको, चिंता बाष्पाची करा. बेटावर हवेचा दवबिंदू २५ च्या आसपास असतो. बाष्परोधक थराला एक नखभर चीर राहिली की वाफ आत शिरते, पुफ भिजतो आणि दोन पावसाळ्यांत तो इन्सुलेशन राहत नाही, ओला स्पंज होतो. व्हॉल्वची मान, सपोर्टची जागा आणि थर्मावेलचा सांधा या तीन ठिकाणी चीर पडते.

आराखडा४२२

फारच उपयोगी. दोन प्रश्न. टाकी उघडी असेल तर पंप थांबल्यावर पाणी उलटं येऊन ओसंडणार नाही का? आणि आत पाणी मिसळू नये म्हणून नेमकं काय करायचं?

थंडपाणी

बेटावर पहिला प्रश्न जवळजवळ सुटलेलाच असतो. बांधकाम एकमजली, टाकीची पाणीपातळी ५ मीटर. सगळ्या कॉइल त्या पातळीच्या खाली राहिल्या तर उलटं यायला काही उरतच नाही. एखादा दुमजली भाग असेल तर परतीवर दाब राखणारा व्हॉल्व आणि पुरवठ्यावर नॉन-रिटर्न. नाशिकच्या पाच मजली हॉटेलात मात्र हे चालणार नाही, तिथे मध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर (दोन पाणी न मिसळता पातळ पत्र्यांतून उष्णता देणारा) लागतो आणि तो एक-दीड अंश खातो. ८ अंशांच्या फरकातले दीड अंश गेले की टाकी तेवढी वाढली.

थर कसा टिकतो? पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं. म्हणून ७ अंशांचं खाली बसतं, १५ चं वर तरंगतं. ४ च्या खाली गेलात तर उलटापालट होते, त्यामुळे चार्जिंग ५-६ च्या खाली नेऊ नका. पाणी आत सोडायचं ते अतिशय हळू आणि आडवं. तळाशी डिफ्यूझर, त्याची भोकं जमिनीकडे; माथ्यावर डिफ्यूझर, त्याची भोकं वर. ३ मीटरच्या टाकीला चकतीचा डिफ्यूझर सोपा: पाइपच्या तोंडासमोर एक गोल तबक, आणि पाणी तबकाच्या कडेने चारी बाजूंना पसरतं. फ्रूड अंक (झोताचा जोर आणि थर टिकवणारा वजनातला फरक यांचं गुणोत्तर) १ च्या आत राहील एवढी फट ठेवा. थेट पाइप सोडला तर पाण्याचा झोत समोरच्या भिंतीवर आदळून अख्खी टाकी ढवळून काढतो.

टाकीत ३० ते ४० सेंमीवर पीटी-१०० सेन्सरची शिडी लावा, प्रत्येक टाकीत बारा. चांगल्या टाकीत दुपारी अर्ध्या चार्जला आकडे खालून वर असे दिसतात: ७.०, ७.०, ७.१, ७.१, ७.२, ७.६, ९.८, १३.१, १४.६, १४.९, १५.०, १५.०. मधली उडी दोन-तीन सेन्सरांत संपते. त्याऐवजी ८, ८.६, ९.३, १०, १०.८ अशी सरळ चढण दिसली तर डिफ्यूझर बिघडलाय किंवा प्रवाह जास्त आहे. आकड्यांची ही शिडी रोज एकदा नजरेखालून घातली तर अर्धे बिघाड महिनाभर आधी कळतात.

डिस्चार्ज थांबवायचा तळातून निघणारं पाणी ८.५ अंशांवर आलं की. बेटावर हा आकडा ढिला करू नका. पाणी १० अंशांचं झालं तरी खोली २४ ला राहते, पण हवेतलं पाणी कॉइलवर पुरेसं उतरत नाही. चादरी दमट, कपाटात बुरशी, आणि तक्रार 'एसी चालत नाही' अशी येते.

द्राक्षहंगाम

बर्फाच्या बाजूने थोडं बोलतो, कारण नाशिकच्या वायनरीत उणे तापमानाचं ग्लायकॉल रोजचं आहे. पांढरी वाइन आंबवताना १२ ते १८ अंश आणि टार्टरिक खडे बसवायला टाकी उणे ४ पर्यंत न्यावी लागते. त्यामुळे दिंडोरी भागातल्या प्लांटवाल्यांना यातल्या चुका तोंडपाठ आहेत. डेअरीचा आइस बँक टँकही त्याच जातीचा. कोणाला बर्फच घ्यावा लागला, म्हणजे जागाच नसली, तर या गोष्टी लक्षात घ्या.

ग्लायकॉल वजनाने २५ टक्के, गोठणबिंदू उणे ११ च्या आसपास. गाडीच्या रेडिएटरचं कूलंट ओतू नका, त्यातले सिलिकेट पंपाच्या सीलवर आणि प्लेटवर बसतात. उद्योगासाठीचं इनहिबिटर घातलेलंच घ्या. रिफ्रॅक्टोमीटरने महिन्याला मोजा. गळतीनंतर कोणीतरी नळाचं साधं पाणी टॉप-अप करतं, टक्का १८ वर येतो, आणि एका रात्री इव्हॅपोरेटरची नळी फुटते. मग गॅसच्या बाजूला पाणी, कॉम्प्रेसर गेलाच.

सर्वांत मोठी चूक प्लेट हीट एक्स्चेंजरला होते. पहाटे बर्फ करणं संपलं, ग्लायकॉलच्या पाइपात अजून उणे ५ आहे. खोल्यांच्या बाजूचा पंप ट्रिप झालेला किंवा अजून चालू व्हायचा. कंट्रोलरने ग्लायकॉलचा पंप आधी सोडला. प्लेटमधलं पाणी उभं आहे, दोन प्लेटमधली जागा तीन-चार मिलिमीटरची. मिनिटभरात बर्फ, प्लेट फुगते, गॅस्केट सरकतं. वितळल्यावर ग्लायकॉल आणि पाणी एक. हे टाळायला पाण्याच्या बाजूला फ्लो स्विच, तो बंद असेल तर ग्लायकॉलचा पंप सुरू होताच कामा नये. आणि तीन-मार्गी मिक्सिंग व्हॉल्वने प्लेटला जाणारं ग्लायकॉल २-३ अंशांच्या खाली जाऊ द्यायचं नाही. फक्त सॉफ्टवेअरवर विसंबू नका, तार ओढून इंटरलॉक करा.

बर्फ किती झाला हे पाण्याच्या पातळीवरून कळतं. गोठताना आकारमान ९ टक्के वाढतं, पातळी चढते. काचेची नळी आणि लेव्हल सेन्सर दोन्ही ठेवा. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण वितळू द्या, नाहीतर एका बाजूला जुना बर्फ साचत जातो, शेजारच्या नळ्यांवरचा बर्फ एकमेकांना चिकटतो आणि कॉइलला पीळ पडतो.

आणि एक गैरसमज. वायनरीच्या ग्लायकॉल टाकीत मध्ये पडदा घालून गार-गरम कप्पे केलेले असतात. ती बफर टाकी आहे, कॉम्प्रेसर वारंवार चालू-बंद होऊ नये म्हणून. तिला साठवण टाकी समजून आकार वाढवला तर पाणी मिसळतं आणि साठवण हाती लागत नाही.

मीटररीडिंग

आता नाशिकचा प्रश्न. इथे डिझेलची जागा महावितरणच्या वेळवार दरांनी घेतली आहे. बरीच वर्षं सवलत रात्री १० ते सकाळी ६ होती, म्हणून लोकांनी रात्री बर्फ करायची सेटिंग लावली. २०२३ साली केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली. दिवसातले ८ सौर तास, त्यात दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी. व्यावसायिक आणि औद्योगिक ग्राहकांना शिखर तासांत किमान १.२ पट. १० किलोवॅटवरच्या अशा ग्राहकांसाठी मुदत १ एप्रिल २०२४ ची. दिशा स्पष्ट आहे: स्वस्त वीज दिवसा, महाग संध्याकाळी. आपल्या ताज्या बिलावरचे झोन आणि तास बघूनच टाइमर लावा. जुनी टाकी असलेल्या कोणाचा टाइमर अजून रात्री १० वर असेल तर तो आजच बघावा.

गणित असं. नेहमीचा दर १ धरा. दिवसा ०.८, संध्याकाळी १.२. एअर-कूल्ड मशीनने मे महिन्यात दुपारी ३८ अंशांत गारवा केला तर संध्याकाळच्या २९ च्या मानाने वीस-बावीस टक्के वीज जास्त, पंप आणि गळती धरून २५. म्हणजे ०.८ × १.२५ = १.०, विरुद्ध १.२. सहावा हिस्सा वाचतो. वॉटर-कूल्ड (कूलिंग टॉवरच्या पाण्याने उष्णता टाकणारं) असेल तर वेट बल्बमध्ये (ओल्या कापडातल्या थर्मामीटरच्या तापमानात) दिवस-संध्याकाळचा फरक किरकोळ, दंड सात टक्केच. ०.८ × १.०७ = ०.८६. तिथे २८-२९ टक्के वाचतात.

थंडपाणी

म्हणूनच नाशिकला वॉटर-कूल्ड घ्यावं. उन्हाळ्यात वेट बल्ब २१-२३ च्या घरात, कूलिंग टॉवर मस्त चालतो. पाणी मात्र मोजा: टीआर-तासाला सहा लिटर बाष्प होऊन उडतं, ब्लोडाउन (क्षार साचू नयेत म्हणून सोडून दिलेलं पाणी) धरून साडेसात. बोअरचं जड पाणी सॉफ्टनरशिवाय घातलं की कंडेन्सरच्या नळ्यांत खपली. बेटावर हेच पाणी आरओने समुद्रातून काढायचं तर हजार लिटरला तीन-चार युनिट जातात, म्हणून तिकडे एअर-कूल्डच, आणि फिन्सना इपॉक्सीचं कोटिंग, नाहीतर खाऱ्या हवेत फिन्स हातात भुगा होऊन येतात.

नाशिकला आणखी दोन फरक. एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी, त्यामुळे टाकीतून ९-१० अंशांपर्यंत पाणी वापरता येतं, शेवटचा अर्धा तास जास्त मिळतो. जूनपासून ती मोकळीक संपली. आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी भार इतका पडतो की टाकी जवळजवळ निजलेली असते. बेटावरची टाकी वर्षाचे ३६५ दिवस काम करते, इथली आठ महिने. खर्च किती वर्षांत वसूल होईल हे काढताना बारा महिन्यांचा तक्ता मागा.

आराखडा४२२

मालक खोल समुद्राच्या गार पाण्याबद्दलही विचारत होते.

जनरेटर_ओझर

बोरा बोरा बेटावरच्या एका मोठ्या रिसॉर्टला २००६ पासून खोल समुद्राच्या पाण्यावर वातानुकूलन चालू आहे. तिथे किनाऱ्याजवळच ९०० मीटर खोली मिळते आणि पाणी ५ अंशांचं. आपल्याकडे लक्षद्वीपला कवरत्तीमध्ये २००५ पासून ३५० मीटरवरचं १२-१३ अंशांचं पाणी वर आणतात, पण ते गोडं पाणी करायला. १२-१३ अंशांनी खोली कोरडी होणार नाही. ६० खोल्यांसाठी एवढा पाइप टाकणं मला झेपणारं वाटत नाही.

कॉइल_फिल्टर

त्यापेक्षा गरम पाण्याकडे बघा. चिलरला डीसुपरहीटर (कॉम्प्रेसरच्या गरम गॅसवर पाणी तापवणारा) जोडला तर बाहेर टाकल्या जाणाऱ्या उष्णतेतला १२ टक्के भाग सहज मिळतो. रात्रीच्या ८० टीआरवर तो ४५ किलोवॅट होतो. सहा तासांत २७ अंशांचं ८,००० लिटर पाणी ५५ ला जातं. सकाळच्या अंघोळींचा प्रश्न मिटला, डिझेल बॉयलर राखीव. टाकी मात्र इन्सुलेटेड आणि पाणी आरओचं, नाहीतर डीसुपरहीटरमध्ये क्षार धरतात.

आराखडा४२२

पटलं. बर्फाचं कोटेशन परत पाठवतो. शेवटचं, पहिल्यांदा चालू करताना क्रम काय ठेवायचा?

थंडपाणी

आधी टाक्या बायपास करून सगळी पाइपलाइन फ्लश करा. वेल्डिंगची खपली डिफ्यूझरच्या फटीत अडकली तर काढायला टाकी रिकामी करावी लागते. मग आरओचं पाणी भरा, १०६ घनमीटरला सुमारे ३७० युनिट जातील आणि आरओच्या क्षमतेप्रमाणे दिवस लागतील, वेळापत्रकात ते धरा. उघडी टाकी ऑक्सिजन ओढते, म्हणून गंजरोधक आणि बायोसाइड पहिल्याच दिवशी.

पहिलं चार्जिंग नेहमीच्या अर्ध्या प्रवाहाने. सगळं पाणी २८-३० अंशांचं असतं, त्यामुळे पहिल्या फेरीला चिलर ७ अंशांचं पाणी देऊच शकत नाही. तो जे देईल ते घेऊन टाकी दोन-तीन वेळा फिरवा, मग थर बसवायला सुरुवात करा. १५ वर आलेली टाकी खालून ७ ने भरायची. वरून निघणारं पाणी ८ ला आलं की थांबा.

त्यानंतर २४ तास तशीच ठेवून शिडीचे आकडे दर तासाला लिहा, त्यातून गळती कळते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खऱ्या भारावर ४९ टीआर, म्हणजे तासाला साडेअठरा घनमीटर, काढत राहा आणि ८.५ येईपर्यंतचे मिनिट मोजा. पाच तासांच्या आसपास टिकली तर टाकी २५० ची आहे. चारला संपली तर आधी परतीचं तापमान बघा, मग डिफ्यूझर. पुरवठादाराचा शेवटचा हप्ता या चाचणीनंतरच द्यायचा हे ऑर्डरमध्येच लिहून घ्या, आणि ही चाचणी खोल्या भरलेल्या असतानाच करा, रिकाम्या रिसॉर्टवर ती करून उपयोग नाही.